एस.टी.च्या विभागीय कामगिरीचे मूल्यमापन : बुलडाणा विभागाच्या संदर्भात

प्रस्तावना : विकेंद्रित उद्योगातील विभागांची कामगिरी भांडवलावरील परताव्याने मोजण्याची पद्धती अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये १९२० च्या दशकात रूढ झाली. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावू लागलेल्या एस.टी.चा कारभारही पुढे विभाग व आगारांत विभागला गेला. मात्र १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने पुरेशी सेवा आणि व्यापारी तत्त्वे या दोन्ही अपेक्षा एकत्र ठेवल्या. मूल्यमापनाचा पेच येथेच उद्भवतो.

विवेचन : आगाराचे यश प्रामुख्याने भारमान व प्रति किलोमीटर उत्पन्न यांवरून जोखले जाते. परंतु मुंबई–कोलकाता महामार्गावरील मलकापूर आणि सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद यांना एकच माप लावणे न्याय्य नाही. पासधारक विद्यार्थिनींची खेड्यातील फेरी कागदावर तोट्याची दिसते. ती बंद केल्यास आकडे सुधारतात, शिक्षण मात्र अडते. शिवाय भाडेदर व सवलती आगार ठरवीत नाही.

निष्कर्ष : रद्द फेऱ्या, इंधनवापर, मार्गातील बिघाड अशा आगाराच्या नियंत्रणातील बाबींवरच त्याची कामगिरी ठरवावी. सामाजिक फेऱ्यांचा तोटा स्वतंत्र दाखवावा. अन्यथा व्यवस्थापनाच्या उणिवा आणि लोकसेवेचा खर्च यांत भेद उरत नाही.