बॅंटिंग यांचे पथ्य

स्थूलता हा पाहणाऱ्याला विनोदाचा विषय वाटतो. जो ती वाहतो, त्याला मात्र तसे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात लंडन शहरी विल्यम बॅंटिंग नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ राहत असत. राजघराण्यातील व थोरामोठ्यांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था करणे हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या अंत्ययात्रेची व्यवस्थाही त्यांच्याच पेढीकडे होती. परंतु वयाच्या ६६व्या वर्षी या कर्तबगार पुरुषाची अवस्था अशी झाली की, स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना पाठमोरे होऊन सावकाश उतरावा लागे. उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड. लोकांची कुचेष्टा चुकविण्यासाठी ते चारचौघांत जाणेही टाळू लागले.

उपाय त्यांनी थोडे केले नव्हते. नाव वल्हवून पाहिली, तेव्हा अंगात जोर आला, पण त्याबरोबर भूकही वाढली आणि वजनही. बाष्पस्नाने झाली, औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन झाले. गुण म्हणून आला नाही.

अखेर १८६२ साली, कानाने कमी ऐकू येते म्हणून, ते विल्यम हार्वे या कर्णतज्ज्ञांकडे गेले. यकृत शर्करा निर्माण करते, हा फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांचा सिद्धान्त हार्वे यांनी पॅरिसमध्ये ऐकला होता. मधुमेहाला जे पथ्य, ते मेदवृद्धीलाही लागू पडेल, असा तर्क त्यांनी केला आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे वर्ज्य करावयास सांगितले. मांस, मासे, इतर भाज्या आणि फळे यांस मुभा होती. वर्षभरात सुमारे ४६ पौंड वजन उतरले. जिना सरळ उतरता येऊ लागला आणि ऐकूही बरे येऊ लागले.

१८६३ साली बॅंटिंग यांनी हा अनुभव एका पुस्तिकेत छापून प्रथम विनामूल्य वाटला. तिचा बोलबाला असा झाला की, त्यांच्या आडनावाचेच क्रियापद बनले. स्वीडिश भाषेत वजन उतरविण्यासाठी पथ्य करणे याला आजही 'बांता' असेच म्हणतात.

मात्र क्रियापद रूढ झाले आणि पुस्तिकेतील विवेक मागे पडला. वैद्याच्या सल्ल्याखेरीज कोणीही असा बदल घाईने करू नये, असे बॅंटिंग यांनी बजावले होते. त्यांच्या स्वतःच्या ताटातूनही भाजलेल्या पावाचा लहानसा तुकडा हद्दपार झालेला नव्हता. पुढे १९७२ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने हाच विचार नव्या आवेशाने मांडला आणि पिष्टमय पदार्थ हे अनेकांच्या मनात जणू अपराधी ठरले.

२०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवरील वर्षभराच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अल्पपिष्ट आहार घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलो, तर अल्पस्निग्ध आहार घेणाऱ्यांचे ५.३ किलो उतरले. हा फरक नगण्य ठरला. भाज्या भरपूर घ्याव्या, साखर व मैदा कमी करावा, हा सल्ला मात्र दोन्ही गटांना सारखाच होता.

बॅंटिंग १८७८ साली, वयाच्या ८१व्या वर्षी निवर्तले. पथ्याने त्यांना मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे लोकांत निःसंकोच वावरण्याची मोकळीक. जे पथ्य माणसाला अन्नाचे भय घालते आणि पंगतीतून उठवते, ते हीच मोकळीक हिरावून घेते. मिताहाराची खरी परीक्षा तराजूबरोबरच पंगतीतही होत असते.