नाक वाढतंय, हात हलवू नका

मोबाइल बाजूला ठेवा. साल १९३९. लॉस एंजेलिसमधला हायपेरियन अव्हेन्यू, डिस्नेचा स्टुडिओ. उन्हाळा ऐन भरात, आणि तुम्हाला ‘पिनोकिओ’ या कार्टूनपटाचं इंकिंग, म्हणजे चित्रं शाईने गिरवायचं काम, करायचंय. चला, आत या.

दारातच कापराचा वास येतो. देवघर नव्हे हो, सेल्युलॉइड! या पारदर्शक तावांत कापूर असतोच, आणि ठिणगी पडली तर भडकायला ते एका पायावर तयार. खिशातली काडेपेटी बाहेरच ठेवा.

रांगेने टेबलं, त्यांवर वाकलेल्या पोरी. बोलणं कमी, टाकांची कुरकुर जास्त. कुणीतरी तुमच्या हातात पांढरा सुती मोजा चढवतं. अंगठा आणि दोन बोटं तेवढी उघडी, टाक धरायला. तळव्याचा घाम लागला की ताव वाया. खाली ॲनिमेटरचं पेन्सिलीचं चित्र, वर ताव, दोन्ही खुंट्यांत पक्के. गिरवा आता. शाई काळीच असेल असं समजू नका. गालाची रेघ एका रंगाची, टोपीची दुसऱ्या.

तुमच्या वाट्याला पिंजऱ्यातला प्रसंग आलाय. पिनोकिओ, हा लाकडी पोरगा, निळ्या परीला बिनदिक्कत थापा मारतोय, आणि थापेगणिक त्याचं नाक वाढतंय. या तावावर नाक पेरभर, पुढच्यावर जरा लांब, त्यापुढच्यावर आणखी. मग फांदी, पानं आणि शेवटी चक्क पाखरांचं घरटं! केवढी ही कल्पना, आणि ती उतरवायची ती तसूतसूने. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी पळतात. त्याची थाप चुटकीसरशी संपते, तुमची मात्र अख्खी दुपार त्यात जाते. रेघ केसभर सरकली तर भल्यामोठ्या पडद्यावर नाक थरथरेल. लबाडी त्याची आणि मनगट सरळ ठेवायचं तुम्ही!

मान आखडलीय, पाठीवरून घामाचा ओघळ उतरतोय. तुमचा ताव आता रंगवणाऱ्या पोरींकडे जाईल. त्या तो पालथा घालून मागून रंग भरतील, म्हणजे पुढची रेघ शाबूत. सिनेमाच्या श्रेयनामावलीत ॲनिमेटर पुरुषांची नावं झळकतील. तुमचं आणि या पोरींचं नाव शोधत बसू नका, नाहीये. मला विचाराल तर परीने तिथेही छडी फिरवायला हवी होती.

उठलात कुठे? पुढचा गठ्ठा आलाय. त्यात देवमासा आहे, आणि त्याला शिंक येणार आहे.