मास्टरमोशायची पोस्टकार्डं

हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं 1 जुलै 1879 रोजी. किंमत पाव आणा, म्हणजे त्या काळचा एक पैसा. तेवढ्या पैशात चार ओळींची खुशाली देशाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचायची. कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न ठरलं, पाऊस झाला की नाही, कापसाला भाव काय, सगळं त्यावर मावायचं. या कार्डावर चित्रं काढून ती माणसांना देऊन टाकण्याचा रिवाज एका मोठ्या चित्रकाराने आयुष्यभर पाळला, हे मात्र चित्रकलेच्या पुस्तकांत एका ओळीत उरकलं जातं. नंदलाल बोस हे ते चित्रकार. शांतिनिकेतनात त्यांना सगळे मास्टरमोशाय म्हणत.

मी खानदेशातला निवृत्त ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात माझी नोकरी गेली. नंदलालांचा आणि आमच्या मुलखाचा संबंध दोनदा आला, एकदा अजिंठ्यात आणि एकदा फैजपुरात. आम्ही चार मित्र आजही एकमेकांना रंगवलेली कार्डं टाकतो, ती सवय त्यांच्याकडूनच उचललेली. म्हणून हे लिहायला बसलो.

चित्र माणसांच्या सहवासात काढण्याची ही सवय नंदलालांच्या आधीची आहे. तिचं मूळ कलकत्त्यात जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यात, पाच नंबरच्या घरातल्या दक्षिणेकडच्या व्हरांड्यात सापडतं. गगनेंद्रनाथ, समरेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे तिघे भाऊ तिथे रोज बसत. गगनबाबू आणि अवनबाबू चित्रं काढत, समरबाबूंच्या हाती बहुधा पुस्तक असे. येणारे-जाणारे, शिष्य, पाहुणे तिथेच टेकत. चित्रं काढायची म्हणून दार लावून बसण्याची पद्धत नव्हती. गप्पा चालू, कागद ओला, मधेच कुणी तो हातात घेऊन बघतो आहे, असा तो कारभार. 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यात आले. ताइकान कागदावर नुसत्या पाण्याचा ब्रश फिरवून रंग कसा मऊ करतात ते अवनींद्रनाथांनी पाहिलं आणि ते आणखी पुढे गेले. रंगवलेला अख्खा कागदच ते पाण्यात बुडवू लागले. वाळवायचा, पुन्हा रंगवायचा, पुन्हा बुडवायचा. बंगाली वॉश म्हणून जी पद्धत पुढे देशभर गेली ती अशी शेजारी बसून बघण्यातून आली. ते घर पुढे विकलं गेलं आणि पाडलंही गेलं. आज जोडासाँकोला जाणाऱ्याला तो व्हरांडा दिसत नाही.

नंदलाल त्या व्हरांड्याचे शिष्य. जन्म 3 डिसेंबर 1882, बिहारात मुंगेर जिल्ह्यातल्या खडगपूरचा. कॉलेजच्या अभ्यासात मन रमलं नाही, तेव्हा सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथांच्या हाताखाली आले. 1909-10 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला घेतल्या. त्याआधी जे. जे. च्या जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं करून घेतलेल्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा 1885 मध्ये लंडनला आगीत जळाल्या होत्या. भगिनी निवेदितांच्या आग्रहावरून कलकत्त्याचे तरुण या कामाला आले, त्यांत नंदलाल होते, असितकुमार हालदार होते. नंदलालांचं वय तेव्हा सत्तावीस. वॉशच्या धुक्यातून ते पुढे जे स्वच्छ, ठाम रेषेकडे वळले, त्याची पहिली शिकवण त्यांना वाघूर नदीकाठच्या त्या डोंगरात मिळाली, असं मला ठामपणे वाटतं. मुलांना घेऊन मी अजिंठ्याला जायचो तेव्हा हे आवर्जून सांगायचो, की बाबांनो, हा माणूस इथे तुमच्यासारखाच बघून बघून काढायला बसला होता.

1919 मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झालं आणि लवकरच त्याची धुरा नंदलालांकडे आली. 1951 पर्यंत ती त्यांच्याकडे होती. विनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज यांच्यासारखे शिष्य तिथे घडले. मराठी चित्रकार विनायक मासोजी तिथेच शिकले आणि पुढे तिथे शिकवूही लागले. परीक्षेचा बडगा नव्हता. सकाळ-संध्याकाळ माळावर, संथाळांच्या वस्तीकडे, कोपाई नदीकडे जायचं आणि दिसेल ते काढायचं. सहलींतही हेच. मास्टरमोशाय स्वतः कोरी कार्डं बरोबर ठेवत. रस्त्यात शेळी दिसली, ताडाचं झाड दिसलं, डोक्यावर मडकं घेतलेली बाई दिसली की चार-सहा फटकाऱ्यांत ते कार्डावर उतरे. कधी पेन्सिल, कधी शाई, कधी जलरंग. कोपऱ्यात तारीख, जागा, बंगालीत एखादा शब्द. मग ते कार्ड बरोबरच्या विद्यार्थ्याला मिळे, नाहीतर पोस्टाने दूरच्या शिष्याला, मित्राला जाई. पत्राला उत्तर म्हणून चित्र जाई. शिष्यही मग चित्रानेच उत्तर देत.

रोज चित्र काढणारे पुष्कळ असतात. माझ्याच ओळखीत चार-पाच जण आहेत. त्यांच्या वह्या भरतात, कपाटात जातात, आणि एक दिवस वही बंद पडते. काढलेलं साठत जातं तसा हात जड होतो. कालच्यापेक्षा आजचं चांगलं झालं पाहिजे, ही धास्ती बसते. नंदलालांनी काढलेलं ठेवून घेतलं नाही, देऊन टाकलं. कार्ड पेटीत पडलं की ते दुसऱ्याचं झालं. दुसऱ्या दिवशी कोरं कार्ड, मोकळा हात. त्यांच्या रेषेत शेवटपर्यंत जो ताजेपणा राहिला त्याचं मोठं कारण हे देणं आहे, असं माझं मत आहे, आणि कार्डं काढत गेलो तसं ते पक्कं होत गेलं.

आता कार्डाचंच सांगतो, कारण त्याचा गुण हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पोस्टाचं कार्ड 14 सेंटिमीटर लांब, 9 रुंद. रंग पिवळट, त्यामुळे पांढरा उजेड ठेवायला जागा नाही. तो ठेवायचा तर पोस्टर कलरचा पांढरा वरून टेकवावा लागतो. कागद जलरंगासाठी केलेला नाही. पाणी जरा जास्त झालं की कार्ड पन्हाळीसारखं वाकतं. एकदा लावलेल्या रंगावरून ओला ब्रश पुन्हा फिरवला की कागदाची लव सुटते आणि रंग मळतो. म्हणून पहिला हात तोच शेवटचा. ब्रश पाण्यातून काढून फडक्याला टिपायचा, रंग दाटसर घ्यायचा, आणि जिथे ठेवायचा तिथे एकदाच ठेवून उचलायचा. आडवा ठेवला तर केळीचं पान, उभा टेकवला तर गवताची काडी. शांतिनिकेतनात याला टच म्हणत, आणि आमच्या ड्रॉइंगच्या वर्गातही हाच शब्द आहे. 1924 मध्ये नंदलाल रवींद्रनाथांबरोबर चीन आणि जपानला जाऊन आले. तिथल्या ब्रशकामाची ओढ त्यांना आधीपासून होती, ती त्या प्रवासाने पक्की झाली. पण मला विचाराल तर हे स्वस्त कार्डही त्यांचा गुरू होतं. चूक पुसायची सोयच ते ठेवत नाही.

आमच्या चौघांतला एक भुसावळला रेल्वेत होता, एक इंदूरला स्थायिक झालेला, एक पुण्यात मुलाकडे. भुसावळच्या मित्राचं नुकतंच एक कार्ड आलं. फलाटावरच्या चहावाल्याची किटली, बाकी काही नाही. काळपट निळ्या रंगात किटलीचं पोट एका टचमध्ये, दांड्याला थोडा तांबूस. चोचीच्या बाजूला पोस्टाचा शिक्का दाबून उमटलेला, तोही त्या चित्राचाच भाग वाटतो. खाली लिहिलंय, "आज ऊन कडक. रंग वाळेपर्यंत चहासुद्धा झाला नाही." फोटो काढून मोबाइलवर पाठवणं सोपं आहे हे आम्हा सगळ्यांना कळतं. पण मग मूळ चित्र पाठवणाऱ्याकडेच राहतं. आम्हाला ते नको आहे.

चित्राला उत्तर देण्याची शांतिनिकेतनातली रीत रवींद्रनाथांपर्यंत पोचलेली होती. 1933 मध्ये त्यांचं 'विचित्रिता' निघालं, त्यात नंदलालांच्या आणि इतर चित्रकारांच्या चित्रांवरून केलेल्या कविता आहेत. नंदलालांना पन्नास वर्षं झाली म्हणून ते पुस्तक त्यांनाच अर्पण केलेलं आहे. आधी चित्र आणि मग त्याला उत्तर म्हणून कविता, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आता फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन म्हणून 27 आणि 28 डिसेंबर 1936 हे दिवस आमच्याकडे अजून सांगितले जातात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. साने गुरुजी या अधिवेशनासाठी गावोगाव हिंडले होते. अधिवेशनाचं नगर खेड्यातल्याच सामानाने आणि खेड्यातल्याच हातांनी उभं राहावं, अशी गांधीजींची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी नंदलालांना बोलावलं. आपण इमारती बांधणारे नाही, हे नंदलालांनी त्यांना सांगून पाहिलं. गांधीजींनी ते ऐकलं नाही. मग शिष्यांना घेऊन नंदलाल इथे आले. बांबू, चटया, गवत, दोर, टोपल्या, म्हणजे आमच्या बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला मिळतं तेच सामान. त्यातून दरवाजे उभे राहिले, प्रदर्शन उभं राहिलं. नेहरूंच्या मिरवणुकीचा बैलांचा रथही त्यांनीच सजवला. प्रदर्शनाच्या वेळी गांधीजींनी या कामाचं श्रेय वास्तुरचनाकार म्हात्रे आणि नंदलाल या दोघांना जाहीरपणे दिलं. अधिवेशन संपलं आणि नगर उतरवलं गेलं. बांबू शेतकऱ्यांच्या कामाला आले असतील. हजारो लोकांनी पाहिलेलं एवढं मोठं काम करायचं आणि त्यातलं काही मागे ठेवायचं नाही, हे ज्याला रोज कार्ड देऊन टाकायची सवय आहे त्यालाच जमतं.

सव्वा वर्षाने, फेब्रुवारी 1938 मध्ये, गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनात हेच पुन्हा घडलं. त्या वेळची पोस्टर्स जगभर गाजली. ढोलकी वाजवणारा, शिंपी, चांभार, पहिलवान, स्वयंपाक करणारी बाई. साधा हातकागद, मातीचे रंग. मूळ चित्रं ऐंशीच्या वर, आणि शिष्यांनी केलेल्या नकला धरून सगळी मिळून चारशेच्या आसपास. इतक्या थोड्या वेळात इतकी चित्रं झाली याचं नवल करतात. मला त्याचं नवल वाटत नाही. त्याआधी कित्येक वर्षं तो हात कार्डावर चालत होता. चांभाराची बसण्याची ढब त्याने आधी कितीदा तरी कुणाला तरी पाठवलेली असणार.

कलाभवनातून निवृत्त झाल्यावरही हात थांबला नाही. म्हातारपणी त्यांनी मोठी कामं सोडली आणि छोटी शाईची चित्रं करत राहिले. रंगीत कागद हातानेच फाडून, चिकटवून केलेली चित्रंही त्या दिवसांतली. 16 एप्रिल 1966 रोजी ते गेले. कलाभवनात आजही त्यांच्या वाढदिवसाच्या आदल्या दोन दिवशी, 1 आणि 2 डिसेंबरला, नंदनमेळा भरतो. विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः केलेली कार्डं, छोट्या वस्तू तिथे विकायला मांडतात आणि तो पैसा विद्यार्थ्यांच्या मदतीला जातो.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नंदलालांची सुमारे 7,000 कामं आहेत, आणि त्यांत लहान चित्रं पुष्कळ आहेत. पण जी दिली गेली ती घराघरांत पांगली. जिथे जिथे ते राहिले, ज्यांनी ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं, तिथे तिथे एखादं कार्ड, एखादा कागद राहिला असण्याचा संभव आहे, आणि त्यात आमचा खानदेश येतो. फैजपूर, सावदा, यावल, रावेर, खिरोदा या बाजूच्या जुन्या घरांना माझी विनंती आहे. आजोबा-पणजोबांनी 1936 च्या अधिवेशनात स्वयंसेवक म्हणून काम केलं असेल, तर त्यांच्या ट्रंकेतले कागद रद्दीत घालण्याआधी एकदा एकेक करून बघा. पिवळट कार्डावर शाईची चार फटकाऱ्यांची शेळी किंवा बैल दिसला, कोपऱ्यात बंगाली अक्षर दिसलं, तर ते पुसू नका, लॅमिनेट करू नका. दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आणि कोरी कार्डं हवी असतील तर ती अजून पोस्टात मिळतात, 50 पैशांना एक.