कोपनहेगनची भट्टी : कचऱ्यातून ऊब, उबेतून पेच

#थ्रेड

१/ कचरा जाळून घरे उबदार ठेवणारे एक प्रसिद्ध केंद्र डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये आहे. त्याच्या उतरत्या छतावर लोक स्कीइंग करतात. त्याचे छायाचित्र पाहून ‘त्यांना जमते, मग आपल्याला का नाही?’ असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. त्या छायाचित्रामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि भट्टी किती मोठी असावी, यावरचा एक कडवा वादही.

२/ प्रारंभ इंग्लंडमध्ये झाला. १८७४ साली आल्फ्रेड फ्रायर यांनी ‘डिस्ट्रक्टर’ नावाच्या भट्टीचे पेटंट घेतले आणि नॉटिंगहॅमच्या मॅन्लव्ह, ऑलियट या कंपनीने अशा भट्ट्या बांधल्या. नावातच हेतू स्पष्ट होता : कचरा नाहीसा करणे. रोगराईचे भय हे त्यामागचे कारण; उष्णता हे केवळ दुय्यम उत्पादन.

३/ हेच भय १८९२ साली हॅम्बुर्गने अनुभवले. तेथील कॉलऱ्याच्या साथीत ८,५००हून अधिक माणसे दगावली. तोवर शहराचा कचरा आसपासच्या शेतांत जात असे. साथीनंतर शेतकऱ्यांनी तो नाकारला. मार्ग खुंटलेल्या शहराने बुलरडाइख येथे भट्टी उभारली. १८९६पासून ती नियमित चालू लागली.

४/ आता डेन्मार्क. १९०१-०२मध्ये कोपनहेगनने शेजारची गावे आपल्या हद्दीत सामावून घेतली. फ्रेडरिक्सबर्ग ही नगरपालिका मात्र स्वतंत्र राहिली आणि चहूबाजूंनी राजधानीने वेढली गेली. वस्ती वाढत होती, पण कचरा टाकायला जागा उरली नव्हती. १९०३ साली तिने भट्टी बांधली आणि तिची उष्णता जवळच्या नव्या रुग्णालयाला पुरवली. डेन्मार्कमधील सामायिक तापनव्यवस्थेचा हा आरंभ मानला जातो.

५/ या घटनेचे महत्त्व आकाराने लहान, परिणामाने मोठे आहे. कचऱ्याच्या भट्टीला कायमचे गिऱ्हाईक मिळाले. उष्णता फार दूर नेता येत नाही, म्हणून भट्टी वस्तीलगतच हवी. रुग्णालयाच्या खोल्या तिच्यावर अवलंबून असतील, तर ती मनात येईल तेव्हा विझवताही येत नाही.

६/ दुसऱ्या महायुद्धानंतर उपभोग वाढला आणि कचराही. १९७० साली कोपनहेगनच्या आमार बेटावर मोठे दहनकेंद्र सुरू झाले. मात्र खरी कलाटणी १९७३च्या तेलसंकटाने दिली. डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जा तेव्हा आयात तेलातून येत होती. रविवारी मोटारी चालवण्यावर बंदी घालण्याची वेळ सरकारवर आली.

७/ १९७९ साली उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. कोणत्या भागात घरे कशाने तापवायची, याचे नियोजन नगरपालिकांकडे आले. घरोघरच्या तेलाच्या बॉयलरची जागा रस्त्याखालून धावणाऱ्या गरम पाण्याच्या नळांनी घेतली. आज कोपनहेगनमधील जवळजवळ सर्व इमारती या जाळ्याला जोडलेल्या आहेत.

८/ हिशेब असा : एक टन कचऱ्यातून सुमारे दोन मेगावॉट-तास उष्णता आणि जेमतेम दोन-तृतीयांश मेगावॉट-तास वीज मिळते. म्हणजे हाती येणाऱ्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांश भाग उष्णतेचा. ती विकत घेणारे कोणी नसेल, तर व्यवहाराचा पायाच डळमळतो. १९९७पासून जळाऊ कचरा जमिनीत पुरण्यास डेन्मार्कने बंदी घातली आणि भट्ट्यांचे स्थान आणखी पक्के झाले.

९/ २०१०च्या सुमारास आमारच्या भट्ट्या चाळिशीला आल्या होत्या. नव्या केंद्राचा प्रस्ताव पुढे आला : तासाला प्रत्येकी ३५ टन कचरा जाळणाऱ्या दोन भट्ट्या, वर्षाला साडेपाच लाख टनांपर्यंत क्षमता. इथे वादाला तोंड फुटले. पुनर्वापर वाढवण्याचे धोरण एकीकडे, आणि त्याच कचऱ्यावर पुढील तीन-चार दशके पोसली जाणारी भट्टी दुसरीकडे. इतका कचरा येणार कोठून?

१०/ कोपनहेगन महापालिकेने आरंभी कर्जाची हमी नाकारली. पर्यावरणमंत्री इडा आउकेन यांचाही या आकाराला विरोध होता. २०१२ साली तडजोड झाली : भट्ट्या प्रस्तावाप्रमाणेच, पण वर्षाला चार लाख टनांची मर्यादा आणि परदेशी कचऱ्याची आयात नाही. थोडक्यात, यंत्र मोठे आणि परवाना लहान.

११/ ही तडजोड फार काळ टिकली नाही. सुमारे ४०० कोटी क्रोनरच्या प्रकल्पाचे कर्ज फेडायचे, तर भट्टी भरलेली हवी. केंद्र २०१७ साली चालू झाले. त्याच्या आधीच, २०१६ साली, मालक असलेल्या पाच नगरपालिकांनी आयातीची मुभा दिली. छतावरील स्कीइंगचा उतार २०१९मध्ये खुला झाला. छायाचित्र जगभर गेले ते त्याचे.

१२/ पुढल्याच वर्षी डॅनिश संसदेतील पक्षांनी करार केला : देशाची कचरा जाळण्याची क्षमता २०३०पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायची. कचऱ्यातील प्लॅस्टिक मुळात तेलापासूनच बनते; ते जाळणे म्हणजे तेल जाळण्याचाच एक आडमार्ग. २०२५पर्यंत कार्बनतटस्थ होण्याचे कोपनहेगनचे उद्दिष्टही २०२२ साली सोडून द्यावे लागले. याच केंद्रातील कार्बन पकडण्याच्या योजनेला शासकीय निधी मिळू शकला नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण.

१३/ दुसरी बाजूही न्याय्य आहे. आयात केलेला कचरा मूळ देशात पुरला असता, तर त्यातून मिथेन निघाला असता. भट्टी नसती, तर तीच ऊब दुसऱ्या इंधनातून आणावी लागली असती. राजधानीच्या हवेतून घरोघरच्या धुराड्यांचा धूर गेला, याचे श्रेय याच जाळ्याला आहे. भट्टी नको असे म्हणणे सोपे; हिवाळ्यात ती विझवणे अवघड.

१४/ आता आपल्याकडे. देवनारची कचराभूमी १९२७पासूनची. तिथला प्रश्न कोपनहेगनहून कमी निकडीचा नाही. पण मुंबईच्या कचऱ्यात ओल्या कचऱ्याचा वाटा मोठा, त्यामुळे भट्टीतील बरीच उष्णता पाणी सुकवण्यातच खर्च होते. शिवाय मुंबईत घर तापवण्यासाठी उष्णता विकत घेणार कोण? डॅनिश हिशेबातील तो तीन-चतुर्थांश भाग इथे जवळजवळ पुसला जातो. उरते ती थोडी वीज आणि भट्टी भरत राहण्याचे बंधन.

१५/ म्हणून पुढच्या वेळी ते छायाचित्र समोर आले, किंवा आपल्या शहरात अशा केंद्राची घोषणा झाली, तर तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. वर्षाला किती टन कचरा देण्याची हमी पालिकेने दिली आहे? ती किती वर्षांसाठी? आणि कचरा कमी झाला, तर दंड कोणी भरायचा? कोपनहेगनमध्ये हे प्रश्न वेळेवर विचारले गेले होते. उत्तरे मात्र भट्टी बांधून झाल्यावरही बदलत राहिली.