बंदिवानाचे पारितोषिक

नोबेल पारितोषिकांच्या याद्या वाचीत बसण्याची मला फार जुनी खोड आहे. पंचांग चाळणाऱ्याला जशी एखादी तिथी मध्येच अडवून धरते, तशी या याद्यांतली काही साले मला अडवून धरतात. शांततेच्या यादीत तर ही गंमत अधिक. या यादीत अध्यक्ष आहेत, प्रधान आहेत, परराष्ट्रमंत्री आहेत. जनरल मार्शलसारखा एक सेनापतीसुद्धा आहे. परंतु १९३५ च्या साली जे नाव आहे, ते या मंडळींच्या पंक्तीला बसणारे नाही. कार्ल फॉन ओसिएट्स्की हा एका लहानशा साप्ताहिकाचा संपादक होता आणि पारितोषिकासाठी त्याच्या नावाची चर्चा चालू असताना तो आपल्याच देशाच्या छळछावणीत दलदल उपशीत होता. देशद्रोही म्हणून न्यायालयाने त्याला आधीच शिक्षा दिलेली होती.

नावातला 'फॉन' पाहून कोणाला वाटेल की हा कोणी जहागीरदार असावा. तसे काही नव्हते. बाप एका वकिलाच्या कचेरीत लघुलेखक. तो मुलाच्या वयाच्या दुसऱ्याच वर्षी वारला. १८८९ मध्ये हॅम्बुर्ग शहरात जन्मलेल्या या मुलाला शाळा काही मानवली नाही. परीक्षा पास न होताच तो बाहेर पडला आणि कोर्टात कारकुनी करू लागला. पहिल्या महायुद्धात त्याला सैन्यात जावे लागले, आणि तेथून तो परतला तो युद्धाचा कायमचा वैरी होऊन. पुढे बर्लिनमध्ये शांततावाद्यांच्या संस्थेची चिटणिशी, मग वर्तमानपत्रे, आणि १९२७ पासून 'दी वेल्टब्यूने' या साप्ताहिकाचे संपादकपद. 'जगाची रंगभूमी' असा त्या नावाचा अर्थ. खप म्हणाल तर पंधरा हजारांच्या आसपास. पण त्यातले लेख राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपत.

खुपण्यासारखे होतेही तसेच. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लढाऊ विमानदल ठेवण्याची बंदी घातली होती. तहावर सही झाली होती, जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्याला १९२६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिकही मिळाले होते, आणि इकडे सेनाखाते मुलकी विमानविद्येच्या पडद्याआड गुपचूप तेच विमानदल उभारीत होते. १९२९ च्या मार्चमध्ये ओसिएट्स्कीच्या साप्ताहिकाने वाल्टर क्रायझर या विमानतज्ज्ञाचा लेख टोपणनावाने छापला आणि हा पडदा थोडासा उचलला. लेख खोटा आहे असे सरकारने कधीच म्हटले नाही. खटला भरला तो गुपित फोडल्याबद्दल. १९३१ च्या नोव्हेंबरात बंद दाराआड निकाल लागला: दोघांनाही अठरा महिने. गुपित बेकायदा असले तरी ते गुपितच, आणि नागरिकाने आपल्या देशाशी इमान राखले पाहिजे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ. वाचकहो, हा निकाल लक्षात ठेवावा. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

क्रायझर फ्रान्सला निघून गेला. ओसिएट्स्कीलाही जाता आले असते. त्याचा परवाना कोणी काढून घेतला नव्हता. पण सीमेपलीकडे गेलेल्या माणसाने परत आपल्या देशाला हाक मारली तर ती पोकळ ऐकू येते, अशी त्याची समजूत होती, आणि त्याने ती आपल्या साप्ताहिकात लिहूनही टाकली. १९३२ च्या मे महिन्यात मित्रमंडळी त्याला तुरुंगाच्या दारापर्यंत पोहोचवायला गेली. नाताळच्या सुमारास सार्वत्रिक माफीत तो सुटला. नंतर जेमतेम दोन महिने तो मोकळा होता. २७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री जर्मन पार्लमेंटची इमारत पेटली आणि उजाडता उजाडता हिटलरच्या पोलिसांनी त्याला उचलले. या वेळी खटला नाही, निकाल नाही, मुदतही नाही. आधी तुरुंग, मग सोनेनबुर्गची छावणी, मग हॉलंडच्या सरहद्दीजवळची एस्टरवेगेनची छावणी. तेथे कैद्यांना दलदल उपसून जमीन मोकळी करण्याचे काम असे. मारहाण रोजची. छातीच्या विकाराने तो आधीच पोखरलेला होता. तेथे क्षयाने त्याला पुरता गाठला.

१९३५ च्या शरद ऋतूत रेडक्रॉसचे कार्ल बुर्कहार्ट हे स्विस गृहस्थ छावणी पाहायला गेले. आग्रह धरला म्हणून अधिकाऱ्यांनी ओसिएट्स्कीला समोर आणले. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे ते वाचवत नाही: पांढराफटक पडलेला, थरथरणारा देह, एक डोळा सुजलेला, दात पडलेले, मोडून वाकडा सांधलेला पाय ओढीत चालणारा. मित्रांना काय निरोप सांगू, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्याने आभार कळवले आणि आता आपले संपत आले आहे, एवढेच सांगितले.

इकडे देशाबाहेर पळालेल्या त्याच्या मित्रांनी एक युक्ती योजली होती. पारितोषिक मिळाले तर जगाचे डोळे त्या छावणीकडे वळतील आणि हिटलरला त्याला मारणे अवघड होईल, असा त्यांचा साधा हिशेब. नोबेलच्या मृत्युपत्राप्रमाणे बाकीची पारितोषिके स्वीडनमध्ये ठरतात. शांततेचे मात्र नॉर्वेच्या पार्लमेंटने निवडलेले पाच जण ठरवतात. म्हणून ओस्लोत खटपट सुरू झाली. तिथे आश्रयाला आलेला विली ब्रांट नावाचा एक विशीतला जर्मन तरुण पत्रे लिही, लोकांना भेटे, वर्तमानपत्रांना मजकूर पुरवी. आइन्स्टाइन, टोमास मान आणि रोमाँ रोलाँ यांनी पाठिंबा दिला. स्वीडनमध्ये आजारी पडलेला त्याचा जुना सहकारी टुखोल्स्की याने आपली उरलीसुरली शक्ती याच कामात खर्च केली. त्या डिसेंबरात तो गेला, निकाल त्याला पाहायला मिळाला नाही.

विरोधही झाला, आणि तो अनपेक्षित दिशेकडून. नॉर्वेचा थोर कादंबरीकार क्नुट हामसुन याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. त्याने वर्तमानपत्रात लिहून ओसिएट्स्कीचीच खिल्ली उडवली. देश सोडून जाता येत असताना हा मागे राहिलाच का, असा त्याचा सवाल. नॉर्वेच्या लेखकांनी त्याचा जाहीर निषेध केला. मला या प्रसंगाचे नेहमी वाईट वाटते; भुकेवर तशी कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला छावणीतल्या कैद्याची भूक दिसू नये!

समिती मात्र बिचकली. १९३५ चे पारितोषिक तिने कोणालाच दिले नाही, पुढच्या वर्षावर ढकलले. तिची अडचण खरी होती. तिच्या पाच सभासदांत हाल्व्हदान कोट हे नॉर्वेचे विद्यमान परराष्ट्रमंत्री होते आणि मोविंकेल हे माजी पंतप्रधान. शेजारी जर्मनीसारखे राष्ट्र. एका कैद्याला पारितोषिक द्यायचे म्हणजे त्याच्या जेलरच्या तोंडावर चपराक मारायची. अखेर हे दोघेही समितीतून बाजूला झाले आणि २३ नोव्हेंबर १९३६ रोजी निर्णय जाहीर झाला. बर्लिनने निषेधाचा खलिता धाडला. समिती स्वतंत्र आहे, सरकारचा तिच्याशी संबंध नाही, असे नॉर्वेने उत्तर दिले. पण राजे हाकोन समारंभाला आले नाहीत. पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या पार्लमेंटने मंत्र्यांना समितीवर बसण्याची बंदी केली. आजही तो नियम आहे.

ओसिएट्स्कीला तोवर छावणीतून हलवले होते. ऑलिंपिक खेळ तोंडावर आले होते, परदेशी पाहुणे यायचे होते, म्हणून त्या मे महिन्यातच त्याला बर्लिनच्या इस्पितळात आणून पहाऱ्यात ठेवले. पारितोषिक नाकार, म्हणून खुद्द ग्योरिंगने गळ घातली. हाच ग्योरिंग १९३५ च्या मार्चमध्ये जर्मन विमानदल उभे राहिल्याचे जगाला अभिमानाने सांगून चुकला होता. म्हणजे जे छापल्याबद्दल ओसिएट्स्की तुरुंगात गेला, ते आता सरकारच नगारा वाजवून सांगत होते! पारितोषिक घेतलेस तर तू जर्मन समाजातून बाहेर पडशील, असे पोलिसांनी बजावले. त्या मरणासन्न माणसाने कागद घेऊन लिहून दिले की पुष्कळ विचारांती मी ते स्वीकारतो आहे आणि तुमचे हे म्हणणे मला मान्य नाही.

तो ओस्लोला जायला मोकळा आहे, असे प्रचारखात्याने जाहीर केले. प्रवासाचा परवाना मात्र दिला नाही. १० डिसेंबरच्या समारंभाला तो नव्हता, घरचेही कोणी नव्हते. पुढे २०१० मध्ये चीनच्या लिऊ श्याओबो यांच्यासाठी ओस्लोत रिकामी खुर्ची ठेवली, तेव्हा लोकांना ही जुनी गोष्ट आठवली. तेही २०१७ मध्ये पहाऱ्यातल्या इस्पितळातच वारले.

मग मित्रांचा हिशेब बरोबर ठरला का? अर्धाच ठरला, असे मला वाटते. गवगव्यामुळे तो छावणीत मेला नाही. पण सुटलाही नाही. पारितोषिकाची रक्कम सुमारे एक लाख मार्क होती. ती सांभाळायला घेतलेल्या एका वकिलाने बहुतेक सगळी गिळली. त्या वकिलावर खटला झाला तेव्हा साक्ष द्यायला ओसिएट्स्कीला कोर्टात आणले होते. ४ मे १९३८ रोजी तो क्षयाने वारला. हिटलरने १९३७ च्या जानेवारीत फर्मान काढून यापुढे कोणा जर्मनाने नोबेल पारितोषिक घेऊ नये असे ठरवले होते. त्यापायी कून, बुटेनांट आणि डोमाक या तीन शास्त्रज्ञांना आपापली पारितोषिके नाकारावी लागली.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक गोष्ट टोचेल. याच समितीपुढे १९३७ मध्ये नॉर्वेच्याच एका पार्लमेंट-सभासदाने गांधीजींचे नाव सुचवले होते. नंतरही ते अनेकदा आले. १९४८ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर, योग्य असा हयात उमेदवार नाही म्हणून समितीने पारितोषिक कोणालाच दिले नाही. हिटलरची भीड न बाळगणाऱ्या समितीला इंग्रजांची भीड पडली असावी, असे माझे अनुमान आहे. शत्रूपेक्षा मित्राला दुखावणे माणसाला अधिक जड जाते.

ओस्लोत पत्रे लिहिणारा तो तरुण, विली ब्रांट, पुढे पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झाला आणि १९७१ चे शांततेचे पारितोषिक त्याला स्वतःला मिळाले. ओल्डेनबुर्ग येथील विद्यापीठाने ओसिएट्स्कीचे नाव घ्यायचे ठरवले, त्याला राज्य सरकारने वर्षानुवर्षे आडकाठी केली. १९९१ मध्ये ते नाव अधिकृत झाले. त्याची एकुलती मुलगी रोझालिंडे हिला लहानपणीच परदेशी पाठवले होते, ती स्वीडनमध्ये वाढली. १९३१ चा तो खटला पुन्हा चालवावा, बापाच्या नावावरचा देशद्रोहाचा कलंक पुसावा, म्हणून तिने जर्मन न्यायालयांकडे अर्ज केला. ३ डिसेंबर १९९२ रोजी तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने तो फेटाळला. नवा पुरावा म्हणावा असे काही पुढे आलेले नाही, असे कारण दिले. तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. जुना निकाल कायम राहिला.