‘हंसगीते’ आणि भैरवी

१९७५ मध्ये जी. व्ही. अय्यर यांचा ‘हंसगीते’ हा कन्नड चित्रपट पडद्यावर आला. त. रा. सुब्बराव यांच्या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटात अठराव्या शतकातील चित्रदुर्गचे गायक भैरवी वेंकटसुब्बय्या यांची जीवनकथा असून, मुंबईच्या मराठी रंगभूमीवरही वावरलेल्या अनंत नाग यांनी ती भूमिका केली. वेंकटसुब्बय्यांच्या नावाला जोडलेल्या, कर्नाटक संगीतातील भैरवी रागात ऋषभ, म्हणजे सप्तकातील दुसरा स्वर, कोमल नसून शुद्ध असतो. त्यामुळे हिंदुस्थानी भैरवीला सरावलेल्या मराठी कानाला ती वेगळाच राग वाटते. याच कादंबरीवरून राजा नवाथे यांनी १९५६ मध्ये ‘बसंत बहार’ काढला व त्यात भीमसेन जोशी गायले. तरी साधनेचे खरे दर्शन ‘हंसगीते’तच घडते. त्यातील गायनासाठी बालमुरलीकृष्ण यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.