तर्जुमा की चोरी?

पिंपरी-चिंचवडच्या उर्दू शाळांत शिकवणारे आम्ही शिक्षक दर जूनमध्ये झेरॉक्सच्या दुकानात उभे असतो. मुलांचे वालिद भोसरीत नाही तर चाकणच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर. मराठी-इंग्रजी गाईडे ढिगाने मिळतात; उर्दूत गणिताच्या सरावाचे पुस्तक सापडले तर एकच. त्याच्याच तीस प्रती होतात. एकदा दुकानदाराने विचारले, "सर, पूर्ण पुस्तक आहे. केस तर नाही ना होणार?" आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हणून कायदा चाळायला बसलो आणि त्यात आपलेच एक उस्ताद भेटले.

मौलवी जकाउल्लाह देहलवी (१८३२-१९१०). दिल्ली कॉलेजात शिकले, पुढे अलाहाबादच्या म्योर सेंट्रल कॉलेजात शिकवले. इंग्रजीतले गणित उर्दूत आणण्यात त्यांनी हयात घालवली. आपल्या गणिताच्या पुस्तकांचा तर्जुमा केला म्हणून लंडनच्या मॅकमिलन कंपनीने त्यांच्यावर मुंबई हायकोर्टात दावा लावला. तेव्हा कायदा होता १८४७चा, कंपनी सरकारच्या अमलातला. देशी भाषेतला तर्जुमा ही मूळ पुस्तकाची नक्कल नव्हे, असा निकाल १८९५ साली लागला. आम्हाला आनंद झाला, खोटे कशाला बोला!

पण कायदा तिथेच थांबला नाही. १९१४मध्ये तर्जुम्याचा हक्क दहा वर्षांपुरता मालकाकडे गेला. चोरट्या प्रतीमागे दंड वीस रुपयांपर्यंत, एका व्यवहारात फार तर पाचशे. १९५७च्या कायद्याने एक वर्षापर्यंत कैद आणली. १९८४पासून कैद सहा महिने ते तीन वर्षे, दंड पन्नास हजार ते दोन लाख. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२२मध्ये सांगितले.

कलम ५२ शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात नक्कल करू देते. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६मध्ये हायकोर्टाने तेच मानले; पण तिथे अभ्यासक्रमापुरते निवडक भाग होते. आमचे पुस्तक पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत. शिवाय मौलवीसाहेबांनी ओळ न ओळ स्वतः लिहिली होती. आम्ही फक्त बटण दाबले.

पहिल्या पानावर लेखकाचा मालेगावचा पत्ता होता. तेही शिक्षकच. फोन लावला, तीस प्रती मागवल्या. ते खूश होऊन म्हणाले, "पिंपरीत हे पुस्तक कुणाला माहीत असेल असे वाटले नव्हते. तिकडून ही पहिलीच ऑर्डर."